१४ एप्रिल १९४४: मुंबई गोदीचा हिशेब

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्याचं मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, १९४४ सालच्या एका शुक्रवारच्या दुपारी आहे.

‘फोर्ट स्टिकीन’ हे ७,१४२ टनी जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईला लागलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. दहा टनी ट्रकांत भरायचा, तर १४० ट्रकांची रांग लागेल! त्यातली २३८ टन स्फोटकं तर सर्वांत नाजूक वर्गातली. कराचीत त्याच जहाजावर कापसाच्या हजारो गासड्या आणि तेलाची पिंपंही चढली. शिवाय सोनं: ३१ पेट्या, प्रत्येक पेटीत ४ विटा, एकूण १२४. किंमत तेव्हाचे ८ लाख ९० हजार पौंड.

१४ तारखेला दुपारी जहाजातून धूर येऊ लागला. बंबवाल्यांनी ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, तरी कापूस धुमसतच राहिला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावर, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटरवर, हादऱ्याची नोंद झाली. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांची तावदानं फुटली. तेरा जहाजं गेली, ५० हजार टनांहून अधिक धान्य गेलं. लागूनच असलेल्या वस्तीवर जळता कापूस आणि तापलेलं लोखंड पडत राहिलं. महायुद्धाचे दिवस, अनेकांना वाटलं, जपान्यांनी हल्ला केला. बातमीवर सेन्सॉरची कात्री होती, त्यामुळे खरा वृत्तान्त छापायला मे महिना उजाडला.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग ढिगारा उपसायला ८,००० माणसं सात महिने राबली. ढिगारा सुमारे ५ लाख टनांचा, म्हणजे माणशी साडेबासष्ट टन. एकही सुट्टी न धरता रोजचे जवळपास ३०० किलो.

स्फोटात उडालेल्या सोन्याचा शोधही चिकाटीने चालला. एक वीट तर दूरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरावर येऊन आदळली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं विटा निघत राहिल्या. जवळजवळ सगळं सोनं परत मिळालं.

माणसांचा हिशेब इतका नेटका नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. ते धरून गोदीशी संबंधित सेवांमधले २३१ लोक दगावले. इतर नागरिक पाचशेहून अधिक. ही बेरीज ७३१ च्या पुढे जाते, तर काही अंदाज १,३०० पर्यंत पोचतात. दोन्हींत साडेपाचशेहून जास्त माणसांचा फरक पडतो.

तेव्हा गोदीतले बरेचसे हमाल टोळीवाल्यामार्फत रोजंदारीवर लागत. आज आलेला उद्या येईलच असं नाही, म्हणून त्याचं नाव कुठे नोंदवलेलंही नसे. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा १९४८ मध्ये आला, स्फोटानंतर चार वर्षांनी. जहाजावरच्या विटांची मोजदाद मात्र पहिल्या दिवसापासून होती.