पाळण्यातली मेंढी आणि फुकटातले नट
(व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेत विषय असा छापलाय: ‘स्वयंसेवकांना घेऊन कमी खर्चात ख्रिस्ती विनोदी मालिका’. त्यातले ‘ख्रिस्ती’ आणि ‘विनोदी’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बघून दोघा-तिघांनी आल्या आल्या मला विचारलं, हे जमतं का हो? जमतं. सहाशे वर्षांपूर्वी जमलेलं आहे, आणि तेही सुतार, बेकरीवाले, खिळे करणारे अशा माणसांना. म्हणून कॅमेरा, माइक वगैरेकडे वळण्याआधी आपण थोडा वेळ इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जाऊ.

यॉर्कला ख्रिस्तदेहाच्या सणाला बायबलमधल्या गोष्टींची नाटकं व्हायची. पहिली नोंद सापडते ती १३७६ ची, आणि १५६९ नंतर ती बंद पडली. आज ४८ नाटुकल्यांच्या संहिता हातात आहेत. विश्वाच्या निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंत. म्हणजे काय, तर ही मालिकाच होती. फरक एवढाच की प्रेक्षक आपल्या चौकात उभा, आणि एकेक भाग गाड्यावर चढून त्याच्यासमोर यायचा. पहाटे साडेचारला सुरुवात.

आता हे चालवायचं कोण? शहरातले धंदेवाल्यांचे संघ. एका संघाकडे एक भाग. नोहाचं तारू बांधायचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे. शेवटचं भोजन बेकरीवाल्यांकडे. आणि वधस्तंभाचा प्रसंग कोणाकडे, तर खिळे करणाऱ्यांकडे. त्या नाटकात सैनिक येशूला खिळताना आपसात कुरकुर करतात, भोकं चुकीच्या जागी पाडलीत, वजन फार आहे, खांदा दुखतोय. प्रेक्षक हसतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण कशाला हसलो. हे मला आजही फार धारदार लिखाण वाटतं.

आपल्या कामाचं सूत्र इथे आहे. स्वयंसेवक गोळा करताना आपण विचारतो, ‘अभिनय कोणाला येतो?’ यॉर्कवाल्यांनी विचारलं, तुमच्या हातात आधीच काय आहे? आपल्या मंडळीतही कोणाचा मंडपाचा धंदा असतो, कोणाकडे छोटा टेंपो, कोणी शिवणकाम करतं, कोणी वायरमन. त्यांना हातात संवादाचा कागद दिला की घाम फुटतो, पण ‘दोन हॅलोजन आणि एक लांब बोर्ड लागेल’ म्हटलं की गडी अर्ध्या तासात हजर. अशी माणसं आधी मोजा. नट नंतर.

नटांचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि त्यावर कोणी मोकळेपणानं बोलत नाही. फुकट काम करायला आलेल्या माणसाला ‘तुला जमत नाहीये’ असं सांगायचं कसं? पैसे देत असाल तर सोपं. इथे तो रविवारी उपासनेला शेजारच्या बाकावर बसणार, त्याची बायको संडे स्कूल चालवते, त्याच्या भावानं देवळाच्या छपराला पत्रे दिलेत. यॉर्कच्या नगरसभेनं १४७६ मध्ये यावर ठरावच केला होता. चार जाणकार नटांनी सगळ्यांची आधी परीक्षा घ्यायची. ज्यांच्यात कसब, आवाज किंवा शरीरयष्टी कमी पडते त्यांना बाजूला काढायचं. शिवाय त्या दिवशी एकानं दोनपेक्षा जास्त वेळा काम करायचं नाही, केलं तर ४० शिलिंग दंड. म्हणजे सगळीकडे मीच दिसलो पाहिजे असं वाटणारे भाऊ तेव्हाही होते. (हशा)

या नियमातलं शहाणपण बघा. नकार एका माणसानं द्यायचा नाही, चौघांनी द्यायचा. आणि आधी द्यायचा, शूटिंगच्या दिवशी नाही. आपल्याकडे धर्मगुरूंना किंवा पाळकसाहेबांना त्या चौघांत घालू नका. त्यांनी नाही म्हटलं की माणूस नाटकातून नाही, देवळातूनच दुखावला जातो. एक वाचन ठेवा, सगळ्यांकडून दोन-दोन भूमिका वाचून घ्या, आणि निवड झाल्यावर उरलेल्यांना त्याच संध्याकाळी काम देऊन मोकळे व्हा. आठवडाभर लटकवलेला माणूस परत येत नाही.

आता विनोदाकडे. वेकफिल्डच्या नाटकांतलं ‘दुसरं मेंढपाळ नाटक’ म्हणून एक आहे. लेखकाचं नाव कोणाला ठाऊक नाही, अभ्यासक त्याला वेकफिल्डचा उस्ताद म्हणतात. गोष्ट अशी. तीन मेंढपाळ थंडीत कुडकुडतायत आणि तक्रारी करतायत. जमीनदार नाडतो, बायको बोलते, हवा वाईट. तिथे मॅक नावाचा भुरटा चोर येतो, हे झोपल्यावर एक मेंढी लांबवतो. घरी त्याची बायको जिल. ती म्हणते, मेंढीला पाळण्यात घालू, वर पांघरूण, आणि मला मूल झालंय असं सांगू. मेंढपाळ शोधत येतात, घर धुंडाळतात, काही सापडत नाही, निघून जातात. इथे चोर सुटला असता. पण जाताना त्यांच्या लक्षात येतं की बाळाच्या हातावर आपण काहीच ठेवलं नाही! म्हणून ते परत येतात. धाकटा सहा पेन्स द्यायला वाकतो, पांघरूण उचलतो, आणि म्हणतो, हे लांब नाक कसलं?

त्या काळी मेंढी चोरल्याला फाशी होऊ शकत होती. हे तिघं मॅकला एका चादरीत घालून वर उडवतात आणि सोडून देतात. एवढ्यावर भागतं. मग ते थकून आडवे होतात, देवदूत गातो, आणि तेच तिघं चेरी, एक पक्षी आणि एक चेंडू घेऊन खऱ्या बाळाकडे जातात. पाळण्यात खोटं मूल म्हणून मेंढी, आणि नंतर गोठ्यात, ज्याला देवाचा कोकरा म्हणतात ते खरं मूल.

मी हे सविस्तर सांगतोय कारण ख्रिस्ती विनोदी मालिका म्हणून जे लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा पंधरा मिनिटं गंमत आणि शेवटी तीन मिनिटं प्रवचन असं जोडकाम असतं. शिवण उघडी दिसते. वेकफिल्डच्या नाटकात मेंढपाळ पकडतात ते हुशारीमुळे नाही. बाळाला काही द्यावं ही माया त्यांना परत आणते, आणि तिथेच हशा येतो. श्रद्धा आणि गंमत एकाच हालचालीत. संहिता वाचताना एवढं तपासा: शेवटचं प्रवचन कापलं तर गोष्टीत काही उरतं का? उरत असेल तर कापून टाका. उरत नसेल तर पुन्हा लिहा.

हसायचं कोणाला, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते यावर सगळं उभं आहे. हिंदी सिनेमानं कित्येक वर्षं ख्रिस्ती माणूस दाखवला तो कसा? बाटली हातात, ‘मॅन’ ‘मॅन’ करत मोडकं हिंदी बोलणारा. आपण स्वतः मालिका करायला बसलो की हाताला पहिल्यांदा लागतो तो हाच अंकल. त्याला घरी पाठवा. त्याहून वाईट म्हणजे आपल्यातल्याच गरिबाच्या बोलण्यावर, त्याच्या मूळ जातीवर, नव्यानं मंडळीत आलेल्याच्या चुकलेल्या गाण्यावर केलेला विनोद. सभागृह हसतं. तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही, आणि का आला नाही ते कोणी विचारत नाही.

मराठीत याचा उत्तम धडा लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३० च्या दशकातलं पुस्तक. बाई हसतात कोणाला? स्वतःच्या सोवळ्याओवळ्याला, नवऱ्याच्या विसराळूपणाला, घरात नसलेल्या पैशाला. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये. मधली वर्षं केवढी जड गेली असतील! पण त्या कधी खालच्यावर हसत नाहीत. तुमच्या मालिकेत सभेचा सेक्रेटरी असेल, गायनवृंदात वरच्या पट्टीवरून भांडणाऱ्या बायका असतील, नाताळच्या गव्हाणीत दर वर्षी हरवणारा उंट असेल. हसा त्यांना. फादरांच्या लांबलेल्या प्रवचनालाही हसा. १४ जून २०२४ ला पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये शंभरावर विनोदी कलाकारांना बोलावलं होतं, तेव्हा आपल्या माणसांची चेष्टा करावी तसं देवालाही हसता येतं, फक्त श्रद्धावंताला दुखवू नये, अशा अर्थाचं ते बोलले. दुसऱ्या धर्मावर मात्र एक ओळही नको. कायदा आहेच, जुनं कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याच्या देवाला हसून आपल्या गोष्टीत काय भर पडते?

आता पैशाचं. एक उदाहरण देतो. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘व्हेजीटेल्स’ नावाची ख्रिस्ती विनोदी कार्टून मालिका सुरू झाली. फिल व्हिशर आणि माइक नॉरॉकी या जोडीची. पात्रं कोण, तर टोमॅटो आणि काकडी. का? कारण तेव्हाच्या संगणकावर हात, पाय, केस, कपडे हलवणं परवडत नव्हतं. म्हणून ज्यांना हात-पाय नसतातच अशी पात्रं घेतली. पैशाची कमतरता लपवली नाही, तिलाच नियम केलं. आपणही तसंच करायचं. एकच खोली आहे? मग गोष्ट त्या खोलीबाहेर जाऊच शकत नाही असं लिहा. देवळामागची सभागृहाची खोली, आत कमिटी, आणि कुलपाची किल्ली हरवलेली. झाला भाग.

गोव्याच्या तियात्राकडूनही एक गोष्ट घ्यावी. तियात्र जन्मलं मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला, लुकासिन्यु रिबेरो यांच्या ‘इटालियन भुरगो’ पासून. त्यात मुख्य गोष्टीच्या पडद्यांमध्ये स्वतंत्र गाणी येतात, गोष्टीशी संबंध नसलेली. स्वयंसेवकांसाठी ही रचना सोन्यासारखी आहे. ज्याला पाच तालमींना येणं शक्य नाही, शिफ्ट ड्युटी आहे, पण गळा आहे, त्याचा तुकडा वेगळा शूट करा. तो आजारी पडला तर मालिका अडत नाही. ज्याच्यावाचून अडेल असं पात्र दोनच ठेवा, आणि ती दोन माणसं एकाच घरातली असली तर उत्तम.

तांत्रिक बाबतीत थोडक्यात. कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका, मोबाइल पुरतो. पैसे घाला कॉलरला लावायच्या माइकवर. चित्र खराब असेल तर लोक बघतात, संवाद ऐकू आला नाही तर विनोद मेला. देऊळ दिसायला सुंदर, पण उंच छपरामुळे घुमतं. संवाद तिथे घेऊ नका, बाहेरचं दृश्य घ्या आणि बोलणं छोट्या खोलीत. खोलीत चार गोधड्या टांगा. पंखे बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज परत चालू करायची जबाबदारी एका ठरावीक माणसावर, नाहीतर यजमानीण पुढच्या वेळी दार उघडणार नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवा, चित्र लुकलुकत नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. स्वयंसेवकांबरोबर दिवसाला तीन-चार पानं झाली की खूप झालं. उपवासकाळ आणि डिसेंबर सोडून द्या, गायनवृंदातले सगळे तिकडे अडकलेले असतात. खर्चाची सगळ्यात मोठी बाब जेवण. ते वेळेवर आणि गरम द्या. बायका-मुली असतील तर परत सोडण्याची गाडी आधी ठरवा, मगच शूटिंगची तारीख.

संकलकाला मात्र पैसे द्या. बाकीच्यांना गप्पा, डबे, हशा मिळतो. तो एकटा रात्री जागून बसतो. यॉर्ककडे नाही, पण कॉव्हेंट्रीच्या लोहारसंघाच्या सोळाव्या शतकातल्या हिशेबात, यहूदाला फासावर लटकवण्याचे ४ पेन्स आणि कोंबड्यासारखं आरवण्याचे ४ पेन्स दिल्याची नोंद आहे. आरवणाऱ्यालाही मिळाले, तर संकलकाला का नको?

एक प्रश्न आलाय चिठ्ठीवर: ‘जुनी भजनं, गीतं वापरली तर चालतात का?’ आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण कोणी तरी गायलेली ध्वनिमुद्रिका वेगळी, तिला प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणून शब्द घ्या आणि तुमच्या पेटीवाल्याकडून गाऊन घ्या.

दुसरा प्रश्न, ‘मुलांना घेतलं तर?’ आई-वडिलांची लेखी संमती घ्या, आणि त्यात स्पष्ट लिहा की पुढे मूल मोठं झाल्यावर नको म्हणालं तर तो भाग उतरवला जाईल. बारा वर्षांचा मुलगा गाढवाच्या वेशात गोड दिसतो. सतराव्या वर्षी कॉलेजात तेच चित्र मित्रांच्या मोबाइलवर फिरतं. आणि मूळ चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा, म्हणजे तो भाग नीट कापून पुन्हा चढवता येतो.