इंग्रजी कोशांतील कालबाह्य शब्द
इंग्रजी कोशांतील कालबाह्य शब्द : पूर्वी प्रचारात असलेले, आजच्या बोलण्यालिहिण्यातून गेलेले, परंतु कोशांत नोंदलेले शब्द वा शब्दार्थ. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : ‘स्वेव्हन’ (स्वप्न) यासारखे लुप्त शब्द, ‘दाऊ’ (तू) यासारखे धर्मग्रंथ, काव्य वा कायदा यांच्या भाषेतच टिकलेले जुन्या वळणाचे शब्द, आणि रूपाने प्रचलित, पण अर्थाने बदललेले शब्द. पहिल्या दोन प्रकारांतील शब्द अनोळखी असल्याने वाचक कोश उघडतो. तिसऱ्या प्रकारातील शब्द ओळखीचा वाटतो, त्यामुळे कोश पाहिला जात नाही व अर्थाचा विपर्यास होतो. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासात म्हणूनच हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

रॉबर्ट कॉड्री याच्या १६०४ मधील इंग्रजी कोशात सुमारे २,५०० शब्द होते व ते मुख्यतः कठीण शब्दच होते. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने १७५५ च्या आपल्या कोशात सुमारे ४२,००० शब्दांचे अर्थ ग्रंथांतील उताऱ्यांच्या आधारे दिले. रिचर्ड ट्रेंच याने १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तत्कालीन कोशांतील उणिवा दाखविल्या. त्या प्रेरणेतून १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड कोशात प्रत्येक अर्थ कालानुक्रमे, दिनांकित अवतरणांसह देण्यात आला. लुप्त शब्द त्यातून वगळले नाहीत; त्यांच्यापुढे कट्यारीचे चिन्ह घातले.

अर्थांतराची वळणे अनेक आहेत. ‘नाइस’ म्हणजे मूळचा अज्ञ वा मूर्ख. आज त्याचा अर्थ छान. ‘सिली’ म्हणजे पूर्वी सुखी, धन्य, आज बावळट. ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. आज केवळ मांस. ‘व्हिलन’ हा मूळचा जमीनदाराच्या वाडीवरील कुळवाडी. पुढे तो खलपुरुष झाला. यांत अर्थाचा उत्कर्ष, अपकर्ष व संकोच दिसून येतो.

या अभ्यासाची उपयुक्तता वऱ्हाडच्या उदाहरणाने स्पष्ट होते. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. ब्रिटिश कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासिम’ असे लिहीत. निजामाशी १८५३ मध्ये झालेल्या तहानंतर वऱ्हाडास ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे अधिकृत नाव मिळाले व त्यात बासिम हा पुढे एक जिल्हा होता. ‘असाइन’ या क्रियापदाचा ‘काम नेमून देणे’ हा आजचा रूढ अर्थ येथे लागू पडत नाही. सैन्याचा खर्च व कर्ज यांपोटी प्रदेशाचा महसूल व कारभार लावून देणे, असा हा कायदेशीर अर्थ आहे. निजामाचे सार्वभौमत्व त्यामुळे संपले नव्हते. हा भेद ध्यानी न घेतल्यास १९०२ च्या कायमच्या पट्ट्याच्या कराराची गरज का पडली, हेच कळत नाही. बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडण्यात आला व त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विभागले गेले. वाशिम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

आल्फ्रेड लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७० मध्ये निघाले. ‘गॅझेटिअर’ हा शब्दही अर्थांतरित आहे : मूळ अर्थ वार्तापत्रकार, पुढे वार्तापत्र वाचणाऱ्यास उपयोगी पडणारा स्थलकोश. अशा ग्रंथांत व महसुली अहवालांत ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत नव्हे, तर जमाबंदी. ‘इनडिफरंट’ जमीन म्हणजे मध्यम वा हलक्या प्रतीची. ‘वाँट’ म्हणजे इच्छा नव्हे, तर उणीव, हलाखी. ‘मॅन्युफॅक्चर’ या सदरात कारखानदारी नव्हे, तर बहुधा विणकामासारखे हातव्यवसाय असतात. ब्रिटिश लेखनात ‘कॉर्न’ म्हणजे सर्वसाधारण धान्य. मक्यास ‘इंडियन कॉर्न’ म्हणत. ज्वारी पिकविणाऱ्या मुलखाच्या वर्णनात ‘कॉर्न’चा अर्थ मका असा घेतला, तर पिकांचा इतिहासच चुकतो.

द्वैभाषिक कोशास काळाची झळ दोन्ही अंगांनी लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. जुन्या मराठी शब्दांसाठी तो आजही आधारभूत आहे; परंतु त्यातील इंग्रजी तत्कालीन असल्याने ‘क्लाउन’चा अर्थ विदूषक असा न घेता खेडवळ, गावंढळ असा घ्यावा लागतो. याउलट, इंग्लंडात मागे पडलेले काही शब्द मराठीत नांदत आहेत. वेल्समधील लानेल्ली येथील एका रस्त्याच्या नावावरून आलेली ‘स्टेपनी’ आणि गाडीच्या मागील आसनाचे नाव असलेली ‘डिकी’ हे शब्द येथे अनुक्रमे जादा चाक व सामानाची जागा या अर्थांनी रूढ आहेत.

तात्पर्य, शब्द कालबाह्य ठरणे हे काळ व प्रदेश यांवर अवलंबून असते. जुना दस्तऐवज वाचताना त्याचा काळ निश्चित करून त्या काळाचा कोश वा दिनांकित अवतरणे देणारा ऐतिहासिक कोश पाहणे आवश्यक असते. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांच्या बाबतीत तर ही दक्षता विशेष घ्यावी लागते.