लोखंडी बुलेट आणि तिला उघडणारे हात

किल्ली फिरवा, पण लगेच किक मारू नका. हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपियर मीटरकडे नजर ठेवून किक पायानं हळूहळू दाबत जा. काटा उणे बाजूला झुकेल आणि आणखी थोडं दाबल्यावर झटकन मधोमध येऊन थांबेल. तिथेच थांबा. डाव्या मुठीखालची डिकॉम्प्रेसरची कळ दाबून किक जराशी पुढे सरकवा, कळ सोडा, किक वर येऊ द्या. मग अंगाचा भार टाकून एकच किक. पॉइंट इग्निशनची जुनी ३५० सीसी बुलेट अशी सुरू होते, आणि यंत्र नीट लावलेलं असेल तर दुसरी किक मारावी लागत नाही.

या काट्याचं मला आजही नवल वाटतं. इग्निशनचे पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीतला प्रवाह कॉइलमधून वाहतो आणि काटा उणे बाजूला जातो. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, काटा मध्ये येतो. पॉइंट उघडतात ते पिस्टन दाबाच्या फेरीत वर चढून माथ्यापासून अवघा ०.८ मिलिमीटर खाली असताना. म्हणजे जाड लोखंडी भिंतीआडचा पिस्टन या क्षणी कुठे आहे, हे बाहेरचा एक काटा सांगतो. तो न बघता अर्धवट किक मारली, तर पिस्टन माथा ओलांडण्याआधीच ठिणगी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि किक नडगीवर येते. जुन्या बुलेटवाल्यांच्या पायावर तिच्या खुणा सापडतात.

मालकाशी असं बोलणारं यंत्र आलं कुठून? रॉयल एनफिल्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. बुलेट हे नाव ती १९३०च्या दशकापासून वापरत होती, पण आपल्या ओळखीची, मागच्या चाकाला स्प्रिंगचे शॉकअॅब्सॉर्बर असलेली बुलेट १९४९ची. भारतीय लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी ती निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडणी व्हायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सगळे भाग तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बनू लागले. रेडिचचा मूळ कारखाना पुढे बंद पडला, आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट ब्रिटनमध्ये निर्यात होऊ लागली. लोखंडी सिलिंडरचं हे इंजिन भारतात २०१०च्या सुमारास उत्सर्जनाच्या नियमांपुढे थांबलं. एका आराखड्याला साठ वर्षांचं आयुष्य मिळालं. मोटरसायकलींच्या जगात असं उदाहरण शोधून सापडणं कठीण.

७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ सीसी आणि साधारण १८ अश्वशक्ती. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, मधे प्रायमरी चेन. त्यामुळे गिअरबॉक्सचं काम निघालं म्हणून इंजिन फोडावं लागत नाही. जुन्या गाड्यांचे बरेच नट-बोल्ट इंग्रजी मापाचे. मिलिमीटरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. जुन्या गाडीचा बोल्ट गोल झालेला दिसला, तर आधी कोणीतरी चुकीचा पाना घेऊन घाई केली आहे असं समजावं. स्वतः काम करायचं ठरवणाऱ्यानं पहिला खर्च योग्य मापाच्या पान्यांवर करावा. चकचकीत सामान नंतर.

घरच्या घरी करायचं पहिलं काम व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचं. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. पिस्टन दाबाच्या फेरीत माथ्यावर आणायचा, सिलिंडरच्या उजव्या बाजूचं लहान झाकण काढायचं. आत दोन पुशरॉड दिसतात. ते बोटांच्या चिमटीत धरून सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. फीलर गेज लागत नाही, आकडा पाठ करावा लागत नाही. बोटांची दोन टोकं पुरतात. सिलिंडर लोखंडी, पुशरॉड अॅल्युमिनियमचे. इंजिन तापल्यावर दोन्ही वाढतात आणि थंडपणी ठेवलेला हा मेळ चालताना सांभाळला जातो. ज्यानं हे योजलं त्यानं गाडीचा मालक डोळ्यांसमोर ठेवला होता, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं काम पॉइंटचं. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. तोंडं काळवंडली असतील तर साफ करायची. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहायला मिस्त्री लोक त्यांच्यामध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतात. कागद अलगद सुटला, की तो क्षण. त्या क्षणी पिस्टन माथ्यापासून ०.८ मिलिमीटर खाली असला की टायमिंग बसलं, आणि मग अँपियरचा काटाही खरं बोलतो. टायमिंग चुकलेल्या गाडीत काटा मध्ये येतो खरा, पण पिस्टन भलत्याच जागी असतो.

क्लच आणि ब्रेकच्या केबल, चेनचा ताण, कार्ब्युरेटरची सफाई, प्लग, बॅटरीचं पाणी ही कामंही घरची. चारसहा रविवार गेले की हात बसतो.

घरी न करण्याच्या कामांसाठी मात्र इंजिनच्या तळाशी जावं लागतं. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, म्हणजे बिग एंड, क्रँकपिनला जिथे मिळतं, तिथे बहुतेक मोटरसायकलींमध्ये रोलर असतात. जुन्या बुलेटमध्ये तिथे तरंगता बुश आहे: पिन आणि रॉड यांच्यामध्ये तेलाच्या पापुद्र्यावर मोकळं फिरणारं एक कडं. ते ना पिनला जखडलेलं, ना रॉडला. पिन फिरते तेव्हा ते तिच्यामागे कमी वेगानं फिरत राहतं, त्यामुळे आतून आणि बाहेरून घासण्याचा वेग वाटला जातो. स्वच्छ तेल मिळत राहिलं तर हा बुश वर्षानुवर्षं चालतो. तेल तुटलं तर मिनिटांत जातो.

हे मी स्वतः भोगलं आहे. एका गॅरेजात माझ्या गाडीचं तेल आणि गाळणी बदलली गेली. काम झालं तसं त्या मुलानं किक मारून जोरात रेस केलं. मी शेजारीच उभा होतो आणि त्यात काही चुकतंय हे मला कळलं नाही. दोनेकशे किलोमीटरनंतर खालून ठोका ऐकू येऊ लागला. रॉड वाजायला लागला होता. कारण साधं होतं. बुलेटमध्ये पंपाकडून येणारं तेल आधी टायमिंग कव्हरमधल्या गाळणीच्या कप्प्यात जातं, तो भरल्यावरच पुढे क्रँककडे. पंप संथ आहे. कप्पा रिकामा असेल तर तो भरेपर्यंत बुश कोरडा फिरतो, आणि त्याच कोरड्या वेळात इंजिन रेस केलेलं होतं. मुलगा आळशी नव्हता, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मलाही नव्हतं. गॅरेजवर विसंबण्यातली खरी अडचण ही आहे: काम बिघडलं तेव्हा समोर उभं राहूनही आपल्याला ते दिसत नाही.

बुश बदलायचा म्हणजे दोन्ही फ्लायव्हील वेगळी करायची, नवी पिन बसवायची आणि सगळं पुन्हा एका रेषेत आणायचं. त्यासाठी प्रेस लागतो, दोन केंद्रांत धरून फिरवायची सोय लागते आणि मिलिमीटरच्या शतांशात दाखवणारा डायल गेज लागतो. तांब्याच्या हातोड्याचे ठोके देऊन फ्लायव्हील सरळ करतात, हे बघणाऱ्याला अडाणी वाटतं, पण रीत तीच आहे. फरक इतकाच, की प्रत्येक ठोक्यानंतर नजर गेजकडे गेली पाहिजे. गेज नसलेल्या दुकानात क्रँक देऊ नये. सिलिंडरचं बोअरिंगही तसंच: पिस्टन आधी आणायचा, तो मोजायचा आणि त्याच्या मापानं बोअर करायचा. अशी कामं करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेल्या पिढ्या आहेत, आणि पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग विकणारा जुना दुकानदार हातात घेतलेल्या पिस्टनवरून गाडीचं साल सांगू शकतो. या लोकांचं ज्ञान पुस्तकात नाही. त्यांना बाजूला सारून सगळं स्वतःच करण्याचा हट्ट धरणं चूक आहे.

मिस्त्री कसा ओळखावा? काम चालू असताना तुम्ही शेजारी उभं राहिलेलं ज्याला चालतं, बदललेला जुना भाग जो न मागता हातात ठेवतो, टॅपेट लावल्यावर जो म्हणतो, 'या, तुम्हीच फिरवून बघा,' तो धरून ठेवावा. गरम इंजिनवर टॅपेट लावायला निघालेल्याकडून गाडी परत न्यावी. हे दोन्ही ओळखायला पुशरॉड एकदा तरी स्वतः फिरवलेला असावा लागतो.

सुधारणांचा विषय इथूनच सुरू होतो. जुन्या बुलेटमध्ये एक भाग बदलला की भार पुढच्या भागावर सरकतो. मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावला, तर हवा जास्त येते आणि पेट्रोल तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, चढावर तो सिलिंडरमध्ये धरतो. म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा करावा लागतो. ताकद वाढली की माणूस जास्त वेगानं पळवतो, आणि जास्त फेऱ्यांचा ताण अखेर त्या तरंगत्या बुशवर येतो. मग रोलरचा बिग एंड हवा, तेलाचा जादा क्षमतेचा पंप हवा. मग लक्षात येतं, की पुढचा ड्रम ब्रेक एवढ्या वेगासाठी केलेलाच नव्हता. सायलेन्सरपासून सुरू होणारा हा रस्ता उलटा चालतो. माझ्या मते क्रम असा असावा: आधी ब्रेक, मग दिवे आणि वायरिंग, मग तेलाचा पंप, आणि ताकद सर्वांत शेवटी, लागलीच तर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगली सोय आहे, पॉइंटची कटकट जाते. पण तिच्याबरोबर काट्याची ती खूणही बहुधा जाते, हे बसवण्याआधी ठाऊक असावं.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली चिरडतात, ते योग्यच आहे. बुलेटचा मूळ आवाज ठेका धरून चालणारा आहे. त्याला किंकाळीची गरज नाही.

या इंजिनावर हात बसलेल्या माणसांनी कुठवर मजल मारली, तेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाच्या पॉल कारबेरी यांनी बुलेटचे दोन सिलिंडर एका नव्या क्रँककेसवर व्ही आकारात बसवून १००० सीसीची मोटरसायकल केली आणि पुढे हे काम छत्तीसगडमधल्या भिलाईत आणलं. अमेरिकेत राहणाऱ्या अनिकेत वर्धन या भारतीय डिझायनरनं तशाच कल्पनेवर 'मस्केट' नावाचं इंजिन उभं केलं. क्रँककेसच्या ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने त्यांनी स्वतःच्या हातानं, घरच्या लहानशा जागेत कोरले. वरचे सिलिंडर आणि हेड मात्र बुलेटचेच ठेवले. आपण काय करायचं आणि काय तयार घ्यायचं, याचा इतका स्वच्छ निवाडा मी क्वचित पाहिला आहे.

२००८ नंतर आलेल्या नव्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक झाले, ते लावावेच लागत नाहीत. पुढे इंधन इंजेक्शन आलं आणि दोष शोधायला स्कॅनर जोडावा लागू लागला. या गाड्या जास्त भरवशाच्या आहेत, धूर कमी करतात, आणि त्यांच्या मालकानं अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणं बरोबरच आहे. पण लोखंडी इंजिनाच्या हजारो बुलेट अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांना ओळखणारे जुने मिस्त्री एकेक करून काम थांबवत आहेत.

तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर पुढच्या वेळी तेल बदलताना स्वतः हजर राहा. गाळणीचा कप्पा तेलानं भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका आणि मिस्त्रीलाही करू देऊ नका. सुरू झाल्यावर कप्प्याचं झाकण किंचित सैल ठेवून तेल बाहेर झिरपताना डोळ्यांनी बघा, मगच ते घट्ट करा. तोपर्यंत अॅक्सिलरेटरला हात लावू नका.