इंटरनेटचे मोजमाप आणि पंक्तिप्रपंच

टपालखात्याच्या हाती आपण पाकीट दिले, की ते त्याचे वजन पाहते. आतला मजकूर पाहत नाही. लालबागच्या चाळीतून कोकणात आईला लिहिलेले पत्र असो, की फोर्टातल्या एखाद्या पेढीचा हिशोब असो, वजन सारखे तर तिकीट सारखे. इंटरनेटच्या दरांविषयीच्या वादाचे बीज या साध्या व्यवहारातच आहे. त्यात दोन प्रश्न गुंतले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. किती वापरले यावर पैसे घ्यावेत काय, हा एक; आणि काय वापरले यावर घ्यावेत काय, हा दुसरा. पहिला प्रश्न मोजमापाचा. दुसऱ्याला आपल्या भाषेत जुना आणि नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. पंगतीत बसलेल्यांना वाढताना भेद करू नये, या तत्त्वालाच तज्ज्ञ मंडळी ‘नेट न्यूट्रॅलिटी’ असे भारदस्त नाव देतात.

मोजमाप तर पहिल्या दिवसापासून आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हिशोब तासांचा होता, आणि टेलिफोनचे बिल वेगळेच. पुढे २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमचा ब्रॉडबँड मुंबईत आला. तास गेले, मेगाबाइट आले. ठरलेली मर्यादा ओलांडली की बिल फुगे. त्यानंतर मर्यादा संपताच वेग मंदावण्याची पद्धत रूढ झाली.

कंपन्या म्हणतात, मर्यादा घातली नाही तर चार जण सगळे ओढून नेतील. हे म्हणणे निम्मेच खरे आहे. नळाचे पाणी वापरले की तलावातले तितके कमी होते. इंटरनेटचे तसे नाही. तारा घातल्या, मनोरे उभारले, की खर्चाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. रात्री तीन वाजता कोणी चित्रपट पाहिला तर कंपनीला त्याची तोशीस जवळजवळ लागत नाही. अडचण होते ती गर्दीच्या वेळी. दादरची सकाळी नऊची लोकल डोळ्यांपुढे आणा. आपण महिन्याकाठी किती फेऱ्या करतो यावर ती गर्दी ठरत नाही. सगळे एकाच वेळी निघतात, यावर ठरते. रेल्वेचा मासिक पास फेऱ्या मोजत नाही, आणि त्याने मोजल्या असत्या तरी नऊची गाडी काही रिकामी झाली नसती. मोबाइलच्या बाबतीत थोडे झुकते माप द्यायला हवे, कारण एका मनोऱ्याच्या लहरी आसपासच्या सर्वांना वाटून घ्याव्या लागतात. एकूण पाहता मोजमाप हा अन्याय नव्हे. मात्र ते गर्दीपेक्षा गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज अधिक घेते.

पंक्तिप्रपंचाची गोष्ट निराळी. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच ते मागे घेतले. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने निवडक संकेतस्थळे फुकट दाखविणारी योजना आणली. महाराष्ट्र तिच्या पहिल्या प्रांतांत होता. पुढे तिलाच ‘फ्री बेसिक्स’ हे नाव मिळाले. गरिबाला काही तरी फुकट मिळते, त्यात वाईट काय, असा प्रश्न तेव्हा अनेक भल्या माणसांनी विचारला, आणि तो टाळण्याजोगा नाही.

येथेच दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. ज्याच्यापाशी मोजमापाची चिंता नाही, त्याला फुकट आणि विकत यांत फरक वाटत नाही. ज्याची पुडी लहान, तो मात्र फुकटाच्या वाटेनेच जाणार. मग परळच्या मुलाला अभ्यासाला काय सापडावे, हे परदेशातली एक कंपनी ठरवणार. आणि गिरगावातला छोटा मराठी प्रकाशक त्या यादीत नसेल, तर त्या मुलापुरता तो जगातच नाही!

कोणी म्हणेल, टपालखात्यानेही वर्तमानपत्रांना सवलत दिलीच होती. दिली होती, पण नोंदणी झालेल्या प्रत्येक पत्राला, लहान असो वा मोठे, तीच. खात्याचे स्वतःचे वर्तमानपत्र नव्हते आणि कोणा संपादकाशी त्याची भागीदारी नव्हती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘ट्राय’कडे, २०१५ च्या वसंतात दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला : मजकूर पाहून इंटरनेटचा दर बदलता येणार नाही. मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. अपवाद मुख्यतः आणीबाणीच्या सेवेचा. २०१८ मध्ये सरकारने वेगाच्या बाबतीतही हेच तत्त्व मान्य केले.

त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ आले आणि दर कोसळले. २०१४ साली एका गिगाबाइटला सरासरी २७० रुपयांच्या आसपास पडत. काही वर्षांत ते दहा-बारा रुपयांवर आले. म्हणजे गरिबाला इंटरनेट मिळाले ते सगळेच मिळाले, निवडून दिलेला तुकडा नव्हे. मोजमाप मात्र महिन्याचे दिवसावर आले. आजची शिल्लक मध्यरात्री बुडते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या खोलीत दोन मुले आणि एकच फोन होता, तेथे हा दैनिक शिधा किती पुरतो याचा अनुभव चाळीचाळींतून आला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर पुन्हा वाढविले.

पंक्तिप्रपंचही नव्या वेषात दार ठोठावतो आहे. मोठ्या संकेतस्थळांनी आमच्या जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने २०२३ मध्ये लावून धरली. ऐकायला ती न्याय्य वाटते. पण गिऱ्हाइकाने आपल्या रिचार्जमध्ये त्याच वाहतुकीचे पैसे आधीच भरलेले असतात. शिवाय रिचार्जबरोबर एखाद्या चित्रपट-सेवेची वर्गणी भेट देण्याची चाल सर्रास आहे. तिला २०१६ चा नियम आडवा येत नाही, कारण तेथे इंटरनेटचा दर सर्वांना एकच राहतो. फुकट मिळते ती वर्गणी.