घरपट्टी, ग्रामसभा आणि रूढ गैरसमज

ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि सदस्यांची बैठक, असे अनेक गावांत आजही धरून चालतात. ती असते मासिक सभा. ग्रामसभा याहून वेगळी: गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. हे स्थान 73व्या घटनादुरुस्तीने दिले असून ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात आणि नागरिक फार तर प्रेक्षकांच्या जागेवरून ऐकतो. गावच्या करदात्याला मात्र समोरासमोर हिशेब विचारता येतो. हा हक्क मोठा आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या मागणीवर खर्ची पडतो.

ती मागणी म्हणजे ‘वाढीव घरपट्टी ग्रामसभेने रद्द करावी’. हात वर करून कर रद्द होत नाही. कर बसवण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम 124 ने ग्रामपंचायतीला दिला आहे, आणि दराची किमान व कमाल मर्यादा राज्य शासन ठरवते. त्या दोन मर्यादांच्या आत कोणता दर घ्यायचा, एवढेच पंचायतीच्या हाती असते. त्यामुळे ‘दर किमान मर्यादेजवळ का ठेवला नाही’ हा प्रश्न ग्रामसभेत नेमका ठरतो. ‘कर नकोच’ हा ठराव टिकत नाही.

‘शेजाऱ्यापेक्षा माझी पट्टी जास्त, म्हणजे पक्षपात झाला’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. कधी ती खरीही असते, पण ती तपासायची कशी हे फार थोड्यांना माहीत असते. डिसेंबर 2015 मधल्या नियमदुरुस्तीनंतर आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक, एवढ्या गोष्टी हिशेबात येतात. मातीचे घर, दगड-विटांचे पक्के घर आणि आरसीसी इमारत यांचे दर वेगळे. दर्शनी खोलीत किराणा दुकान असेल, तर त्या खोलीचा भारांक राहत्या खोलीपेक्षा जास्त. म्हणून एकाच आळीतल्या, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन घरांची पट्टी वेगळी असणे यात मुळात काही गैर नाही.

गैर असते ते नोंदीत. नमुना 8 म्हणजे कर आकारणी नोंदवही. तिच्यातली आपल्या घराची एक ओळ बोट ठेवून वाचावी: बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, चौरस फूट, वापर. मातीच्या भिंतींचे जुने घर तिथे ‘आरसीसी’ असेल, किंवा पाडलेला गोठा क्षेत्रफळात मोजलेला असेल, तर पट्टी वाढण्याचे कारण तिथेच सापडते. अशा चुकीवर आकारणी यादीच्या वेळी मुदतीत लेखी हरकत घ्यायची असते. तिथे समाधान झाले नाही, तर पंचायत समितीकडे अपील करता येते आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. एका घराच्या आकारणीचा निवाडा ग्रामसभा करत नाही. पण एकाच वाडीतल्या वीस-पंचवीस घरांच्या ओळींत सारखीच चूक दिसली, तर फेरमोजणीची मागणी करायला ग्रामसभेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

‘घरपट्टी सरकारजमा होते’ हेही खरे नाही. शेतसारा महसूल खात्याकडे जातो. घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि पाणीपट्टी गावातच, ग्रामनिधीत राहते. ‘पट्टी थकली तरी वरून निधी येतोच’ हा याच समजाचा जोडभाऊ. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली आहे. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी 15, महिला व बालकल्याणासाठी 10 आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च करावा लागतो. उरलेल्या रकमेचे काय करायचे हे मात्र गावानेच ठरवायचे असते. बंद पडलेला पथदिवा बदलायला वरच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये, ही सोय या पैशातूनच होते. म्हणूनच ग्रामसभेत नमुना 9, म्हणजे कर मागणी नोंदवही, पुढे ठेवायला सांगावी: मागील थकबाकी किती, चालू मागणी किती, वसूल किती. मोठी थकबाकी कुणाकडे अडली आहे, हेही तिथेच दिसते.

थकबाकीदाराला ग्रामसभेत बोलू देत नाहीत, असे काही ठिकाणी घडते. त्याला कायद्याचा आधार नाही, कारण सदस्यत्व मतदारयादीवरून ठरते, पावतीवरून नाही. बंधन आहे ते निवडून येण्यावर: मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारी व्यक्ती पंचायतीची सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते.

घरपट्टीची पावती किंवा नमुना 8 चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा, हा समज तर कुटुंबे कोर्टात नेतो. हा उतारा कर कुणाकडून घ्यायचा एवढेच सांगतो. तलाठ्याचा 8अ शेतजमिनीच्या खात्याचा असतो. त्याचा याच्याशी संबंध नाही. कर भरल्याने अनधिकृत बांधकामही अधिकृत होत नाही.

शेवटचा गैरसमज गणपूर्तीचा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. 540 मतदारांच्या गावात 81 जण हवेत, 3,000 मतदारांच्या गावात 100. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि लोक घरी जातात, काही ठरलेच नाही असे समजून. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी हजर असलेल्या पंधरा-वीस जणांचा ठरावही साऱ्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव म्हणून इतिवृत्तात लिहिला जातो.