कंटेनरचं दुकान बँकेकडे तारण आहे आणि शीवला पाणी भरलं, तर भरपाई कोणाला मिळते?

शीव कोळीवाड्यात राहणाऱ्यांना पावसाचा जोर कळायला टीव्ही लावावा लागत नाही. गांधी मार्केटला पाणी साचलं, शीव-कुर्ला दरम्यान लोकल थांबली, की समजायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला मात्र जेमतेम ७३. 'मुंबईत पाऊस' याला तसा फार अर्थ नसतो, तुमचं दुकान कुठे आहे हे महत्त्वाचं.

आता समजा, इथे कुणी भाड्याच्या जागेत लोखंडी कंटेनर ठेवून फिश-फ्रायचं दुकान काढलं. कंटेनर, फ्रीझर, माल धरून दहा लाखांचा ऐवज. त्यावर बँकेचं पाच लाखांचं कर्ज. पुराचा विमा काढणं सक्तीचं आहे का?

कायद्याने नाही. अमेरिकेत १९७३ पासून तसा कायदा आहे. पूरक्षेत्रातली इमारत किंवा पायावर पक्कं बसवलेलं 'मोबाइल होम' तारण असेल, तर पुराच्या विम्याशिवाय बँकेला कर्ज देता येत नाही. आपल्याकडे ही अट कायद्यात नाही, ती बँकेच्या मंजुरीपत्रात असते. तारण ठेवलेल्या मालमत्तेचा विमा काढा आणि पॉलिसीवर बँकेचं नाव घाला, असं त्यात लिहिलेलं असतं. ते पत्र सही करण्याआधी कितीजण वाचतात, हा वेगळा प्रश्न. विमा अमुकच कंपनीचा घ्या, अशी जबरदस्ती मात्र बँकेला करता येत नाही.

कंटेनर ही इमारत की सामान? उचलून दुसरीकडे नेता येत असेल तर तो साधारणपणे जंगम मालमत्तेत जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारती एअरटेल विरुद्ध पुण्याचे केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त या खटल्यात मोबाइल टॉवर आणि त्याखालच्या तयार केबिन जंगमच ठरवल्या. तो वाद कराचा होता, विम्याचा नाही, पण कसोटी समजायला उपयोगी आहे. नटबोल्टने जमिनीला जखडलं म्हणून वस्तू स्थावर होत नाही. म्हणूनच अशा कर्जात जमिनीसारखं गहाणखत नसतं, हायपोथिकेशन असतं. वस्तू तुमच्या ताब्यात राहते, पण तिच्यावर बँकेचा हक्क असतो.

विम्यात याचा परिणाम पत्त्यावर होतो. पॉलिसी त्यात लिहिलेल्या जागेपुरती असते. कंटेनर दोन गल्ल्या पलीकडे हलवला आणि कंपनीला कळवलं नाही, तर दावा नाकारला जाऊ शकतो. भिंती किंवा छप्पर लाकडी फळ्या, बांबू, ताडपत्रीचं असेल तर ते 'कच्चं बांधकाम' धरतात. तेही आधीच सांगायचं.

छोट्या धंद्यासाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते, आणि त्यात पूर धरलेला आहे. जुन्या पद्धतीच्या फायर पॉलिसीत मात्र वादळ-पुराचं कलम वगळून हप्ता कमी करता यायचा. म्हणून 'फायरचा विमा आहे' एवढ्यावर गप्प बसू नका, कागदावर पूर हा शब्द शोधा.

खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं, रकमेत आहे. बऱ्याचदा विमा कर्जाएवढाच काढला जातो. आपल्या उदाहरणात ऐवज दहा लाखांचा, विमा पाच लाखांचा. पाण्यात दोन लाखांचं नुकसान झालं, तर भरपाई निम्मी, म्हणजे एक लाख. त्यातूनही ठरावीक रक्कम वजा होते. सूक्ष्म पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, निम्मी नाही. आणि तो लाखही बहुधा आधी बँकेकडेच जातो, कारण पॉलिसीवर तिचं नाव आहे. हप्ता तुमच्या खात्यातून कापलेला असला तरी.

पीएम स्वनिधीचं कर्ज असेल तर ही भानगड नाही, ते विनातारण असतं. पण मग माल भिजला तर सगळं नुकसान तुमचंच.

पाणी ओसरल्यावर दुकान धुण्याआधी फोटो-व्हिडिओ काढा, भिंतीवर पाणी कुठवर आलं ती खूण त्यात दिसू द्या. कंपनी आणि बँक दोघांनाही त्याच दिवशी कळवा. भिजलेला माल सर्व्हेअर बघेपर्यंत ठेवा. मासळी ठेवणं शक्य नसेल तर फोटो, वजन आणि खरेदीची बिलं जपा. दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी तिथे विनाशुल्क ऐकल्या जातात.