ओळख आपली, शब्द कुणाचे? (भाग सातवा) : पातूरची पाटी

माणसावर लोक शिक्के कसे मारतात, हे मागच्या भागात पाहिलं. भाषेवरही शिक्का मारला जातो आणि तो बोलणाऱ्याच्या कपाळी येतो.

वऱ्हाडातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर नाव वर मराठीत आहे, खाली उर्दूत. २०२० साली एका माजी नगरसेविकेने खालच्या ओळीला हरकत घेतली. नगरपरिषदेने फेब्रुवारीत बहुमताने ठराव करून ती फेटाळली. उर्दूचा वापर इथे १९५६पासून आहे आणि गावातल्या बऱ्याच लोकांना ती कळते, असं नगरपरिषदेचं म्हणणं. माझ्या लेखी साऱ्या प्रकरणातला हा ठराव सर्वांत मोलाचा. आपण कोण आहोत हे गावाने स्वतःच सांगितलं.

पुढे प्रकरण फिरत राहिलं. जिल्हाधिकाऱ्यांनी हरकत मान्य केली, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला, मग नागपूर खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय. मध्येच २०२२चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा आला. त्याने कारभारात मराठी सक्तीची केली, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मनाई केली नाही. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. उर्दू परकी हा समजही न्यायालयाने खोडून काढला. ती याच मातीत जन्मली, मराठीसारखीच ती आर्यकुळातली.

वऱ्हाडाला हे नवं वाटायला नको. एलिचपूरची इमादशाही, मग मोगल, मग निजाम, आणि १८५३नंतर इंग्रजांचा अंमल. एवढ्या राजवटी गेल्या, तरी बाजारात नि शेताच्या बांधावर वऱ्हाडीच बोलली गेली आणि शेजारी उर्दूही. जुन्या नोंदींत या गावाचं नावच ‘पातूर शेख बाबू’ असं सापडतं. गावाजवळच्या टेकडीत प्राचीन लेणीही आहेत. यातलं एकच काही खरं पातूर, असं कोणी ठरवू लागलं तर उरलेलं पातूर कुठे ठेवायचं?

मराठीवर प्रेम करणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, खालच्या ओळीने वरची ओळ तसूभरही लहान होत नाही. मराठी कमी होते ती कार्यालयात मराठीतला अर्ज कोणी नीट वाचत नाही तेव्हा, मराठी शाळेचे वर्ग ओस पडतात तेव्हा. त्या लढाईत उर्दू बोलणारा शेजारी आपल्या बाजूने उभा राहू शकतो, मात्र आधी त्याला परका म्हणणं थांबवावं लागेल.

अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी फारसी-उर्दूतून आलेली गझल मराठीत इतकी मुरवली, की आज ती आपल्याला आपलीच वाटते. त्यांचा जन्म १५ एप्रिल १९३२चा. पातूरचा निकालही बरोबर त्याच तारखेला लागला.